अमेरिकेला तीनदा आग्रह

अमेरिकेतल्या दोन अनोळखी बायकांची झोप मी केडगावात बसून मोडली. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला हात हलका होईल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी बायको सुनंदा जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. शेजारच्या शेवंतामावशी आणि आणखी दोघी तिच्या जोडीला. सावेडीला माहेरी आलेल्या विद्याताई एक गोधडी अमेरिकेला घेऊन गेल्या आणि महिन्याभरात गावातल्या एसटीडी-फॅक्स बूथवर त्यांचा फॅक्स आला: बारा गोधड्या हव्यात! खाली लिहिलं होतं, 'माझ्या पाच मैत्रिणींनाही आवडली. त्यांचे फॅक्स नंबर आणि पत्ते सोबत देते, पुढेमागे लागतील.'

तीनेक आठवडे शिवण झाल्यावर सुनंदा म्हणाली, "फक्त विद्याताईंना कळवा. दिवाळीपर्यंत देतो म्हणावं. बस्स!"

पण मी पडलो भावकीतला पत्रिका लिहिणारा मास्तर. आमच्याकडे लग्नाच्या यादीतून एकही नाव गाळत नाहीत. (एका चुलतमामांचं राहिलं होतं. ते अजून आमच्या दारावरून मान वळवून जातात!) आणि एकदा बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हेच. आधी पत्रिका, मग घरी जाऊन आवतण, मग आदल्या दिवशी आठवण. तोच रिवाज मी अमेरिकेला लावला.

"मास्तर, सहाही नंबरांवर?" बूथवाल्या गफूरभाईंनी विचारलं.

"एखादी रुसली म्हणजे?"

सोमवारी दुपारी माहिती पाठवली. बुधवारी आग्रह: 'आपण सहकुटुंब सहपरिवार आमच्या गोधड्यांचा विचार करावा.' शुक्रवारी आठवण!

शनिवारी एका मैत्रिणीचं उत्तर आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. 'मी तुम्हाला ओळखत नाही. विचारल्याशिवाय धंद्याचे फॅक्स पाठवायला इथे कायद्याने बंदी आहे. माझा नंबर काढून टाका.'

कायदा म्हटल्यावर मी तो कागद दोनदा वाचला. "गफूरभाई, तिथले पोलीस केडगावला येतील का हो?"

"पुणे रोडवरच तर आहे. सापडायला सोपं!"

मी तिथेच बसून चार पानी माफी लिहिली. सहाही नंबरांवर पाठवली. ती नीट पोचली नसेल, या शंकेने पुन्हा पाठवली.

मंगळवारी शेजारच्यांच्या फोनवर विद्याताई. "अहो दादा, तुमची दुपार म्हणजे आमची मध्यरात्र! दोघींची मशीन घरात आहेत, किरकिर ऐकून अख्खं घर उठतं. माझं मशीन आमच्या दवाखान्यात, तिथला कागद तुमच्या माफीत संपला, पेशंटचे रिपोर्ट आलेच नाहीत! मैत्रिणी माझ्याशी बोलेनात. ती ऑर्डर आता राहू द्या."

घरी येऊन सांगितलं. सुनंदाने हातातली सुई खाली ठेवली. सहा गोधड्या शिवून झाल्या होत्या. तिच्या हाताला पहिल्यांदाच परदेशातून मागणी आली होती, आणि ती मी घालवली होती.

शेवंतामावशी म्हणाल्या, "दाजी, आमी महिनाभर टाकं घातलं, तुमी आठ दिवसांत उसवलं की वो! लई हौस तुमाला लिवायची!"

दोन दिवस सुनंदा फक्त गोधड्यांशी बोलली. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाली, "लिहा. मी सांगते तेवढंच." सहा पत्रं झाली, सगळी पोस्टाने. 'न विचारता पाठवलं, चुकलं. नंबर खोडले आहेत. पुढे कळवलेलं चालेल का? हो म्हणालात तरच कळवू.' मी पाकिटात गोधडीचा एक छोटा तुकडा सरकवत होतो.

"तो मागितलाय का त्यांनी?"

मी तुकडा परत काढला.

महिन्याने उत्तरं आली. दोघींनी 'जरूर कळवा' लिहिलं. कायदेवाल्या बाईंनी नंबर काढल्याबद्दल आभार मानले. उरलेल्या दोघींचं काहीच आलं नाही, त्यांना पुन्हा विचारायचं नाही असं सुनंदाने मला बजावलं. आणि विद्याताई: 'बाराही पाठवा. फॅक्स मात्र वहिनींनी लिहावा.'

शेवंतामावशींनी पुन्हा दोरा ओवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अमेरिकेत मी सहा जणींना माफीची पन्नासेक पानं पाठवली, आणि जिच्या कामाची वाट लावली तिला एक ओळसुद्धा नाही.

"सुनंदा, तुझी माफी मागू का?"

"मागा. पण एकदाच!"

"चुकलो."

ती माफी मी खरोखर एकदाच मागितली. आज लिहून मागतोय ती दुसरी, तिला विचारून!