झोपेचे दोन तास

राजश्रीचा पगार मी ठरवला. सुनेने नाही, मुलानेही नाही. मीच. तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांची पगारबिलं तपासली, कुणाची अर्ध्या दिवसाची रजा सुटू दिली नाही. मग घरात एवढं ठरत असताना मी गप्प बसतो होय?

नातू वेद तेव्हा दहा महिन्यांचा. सून वैदेही शाळेत शिकवते, मुलगा देवदत्त रोज चिपळूणला जातो-येतो. माझी बायको आता नाही, आणि मला डायपर बदलता येत नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर मांडवीची राजश्री यायला लागली. नऊ ते तीन. तिशीची, काटकुळी. नवरा बोटीवर खलाशी, पैसे कधी पाठवी, कधी नाही. पोरगी श्रद्धा पहिलीत.

वैदेहीने आठ हजार मनात धरले होते. राजश्री म्हणाली, "आठ मिळालं तर मी संध्याकाळची शेड सोडीन. पोरगी एकटी ऱ्हाते घरात." शेड म्हणजे बंदरावरची, कोलंबी सोलायची. बर्फातली कोलंबी, किलोवर पैसे. हातमोजे घातले की हात चालत नाही, म्हणून कुणी घालत नाही.

मी म्हटलं, "थांबा. पोर दुपारी दोन तास झोपतं की नाही? झोपलेल्या पोराला सांभाळायचं काय असतं? सहातले दोन गेले, राहिले चार. साडेपाच हजार."

"बाबा, असं काय करता?" वैदेही कुजबुजली.

"जे काम नाही त्याचे पैसे कसले?"

राजश्री वाद घालणाऱ्यांतली नव्हे. "बरं आजोबा, तुमी म्हणाल तसं." काय खूश झालो मी स्वतःवर! संध्याकाळी कट्ट्यावर चौघांना सांगितलंसुद्धा. आता स्वतःलाच म्हणतो, मेल्या राजाभाऊ, केवढा तीर मारलास!

शेड काही सुटली नाही. तीनला आमच्याकडून निघायची, पोरीला जेवायला घालायची आणि चार ते आठ कोलंबी. आमच्याकडे मात्र कधी तोंड पाडलं नाही. वेदला पेज भरवताना म्हणायची, "खा रे माज्या राजा, नायतर आजोबा पगार कापतील." मीही हसायचो. दुपारी तो तिची ओढणी मुठीत धरून झोपायचा आणि ही दोन तास भिंतीला टेकून बसलेली. "हललं की उठतो," म्हणायची. मी शेजारच्या खोलीत घोरत पडायचो.

शिमग्याच्या सुमारास बर्फाने नि कोलंबीने तिच्या बोटांची सालं निघायला लागली. मग फोड आले, मग त्यांतून पाणी. हळद लावून यायची, बोटं ओढणीत लपवायची. त्यातच वेदच्या गालावर पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, कशाने ते नक्की सांगता येत नाही, पण असे हात पोराला लागू देऊ नका. वैदेही रडवेली झाली. "राजश्री, बरे होईपर्यंत नको येऊस." राजश्रीने मान हलवली, वेदचे कपडे घडी घालून ठेवले आणि गेली. ते हात कुणामुळे गेले हे मला ठाऊक होतं. मी पेपर वाचत बसलो.

पुढचे आठ-दहा दिवस दुपारी वेदला मी निजवला. अहो, माझा सदरा त्याच्या मुठीत! लघवीला उठलो की ह्याने भोकाड पसरलंच. कंबरेचा काटा ढिला झाला माझ्या. सबंध दिवसात हेच दोन तास सगळ्यांत जड. लाज वाटली. नोकरीत चुका झाल्या, साहेबांची बोलणी खाल्ली, पण स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग वैदेहीने दुसरी बाई आणली. आठ हजार आणि रविवारी सुट्टी. ह्या वेळी मी काही कापलं नाही. राजश्रीचे पाच महिन्यांचे कापलेले पैसे पाकिटात घातले आणि मांडवी गाठली.

ती दारात तांदूळ निवडत होती. मला बघून चेहरा असा फुलला तिचा! सूप बाजूला सारून दोन्ही हात पुढे केले, उलटसुलट करून दाखवले. फोड सुकून नवी कातडी आली होती.

"बघा आजोबा! पंधरा दिवस शेडला गेलेच नाय. शेजारणीकडून उसनं काढलं, पण हात बरे केले. उद्यापास्नं येऊ ना? वेद आठवण काढतो माजी?"

"काढतो गो," मी म्हटलं. "पण... आम्ही दुसरी बाई ठेवली. सोमवारपासून."

तिचे हात तसेच पुढे होते. मी पाकीट त्यांवर ठेवलं. "दुपारचे आहेत तुझे," मी म्हटलं.

तिने पाकिटात बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे होते तुमच्याकडं?" ती म्हणाली. "मला वाटलेलं, तुमाला परवडत नसंल."