अर्धी बांधलेली झडप

जुन्या नोकरीतला पौषातला एक सोमवार, सकाळपाळी. हजर: पंख्यावर रफिकचाचा, कापसावर कडूबाई, फोरमन मी.

आज उस्मानपुऱ्यात गादीचा कापूस पिंजत होते, त्या वासानं लासूर स्टेशनची सरकी काढायची जिनिंग गिरणी आठवली. धूळ ओढणाऱ्या मोठ्या पंख्याची झडप मी तारेनं अर्धी बांधली होती. पूर्ण उघडली की धुळीबरोबर विकायची रुईही उडून जायची.

“साहेब, झडप जरा खोला ना, दम लागतोय,” चाचा म्हणाले.

“बिडी सोडा, मोकळं वाटेल,” मी म्हटलं. खोकत खोकत चाचाही हसले.

कडूबाई हसली नाही. “चाचा बिडीला शिवत नाय, साहेब.”

मी ऐकलं, पण तार सोडली नाही.

आता जिना चढताना दम लागून मीच मध्ये थांबतो. ‘खुलताबादला चाचांच्या घरी जाऊन त्यांची माफी मागणं’ हे काम दर महिन्याच्या यादीत पुन्हा उतरवतो.