काजूवाल्या शांताबाईंचं केवायसी

"मावशी, अंगठा पुसा आणि परत ठेवा."

चौथ्यांदा तेच. स्क्रीनवर लाल अक्षरं: मिसमॅच.

आजऱ्याच्या शाखेत मी ऑफिसर होतो. शांताबाई काजूच्या कारखान्यात बिया फोडायच्या. त्यांचं री-केवायसी राहिलं होतं. ग्राहक तोच आहे ना, ही खात्री बँक ठरावीक वर्षांनी परत करते, ते री-केवायसी. ते होईपर्यंत खात्यातून पैसे निघत नाहीत. आणि धाकटीच्या नर्सिंग प्रवेशाला दोन दिवस उरले होते.

"आधार केंद्रात ठसे अपडेट करून घ्या," मी म्हणालो.

"दोनदा जाऊन आलो की सायब! तिथंबी उठंनात." त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. बोटांची टोकं काळपट, गुळगुळीत. "टरफलाच्या तेलानं कातडं सोलून निघतंय. ठसं यायला काम सोडू व्हय? ह्याच हातांनी तीन पोरी शिकवल्या. आन् तुमचं मशीन म्हणतंय, ही बाई ती न्हवंच!"

सगळी शाखा बघायला लागली.

शेजारच्या काउंटरवरून देसाई मॅडम उठून आल्या. "सर, फेस ऑथेंटिकेशन करूया?" म्हणजे बोटाऐवजी चेहरा. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, चेहरा आधारच्या नोंदीशी जुळवला जातो.

"आपल्याला चालतं?"

"सर्क्युलर आलंय सर. तुमच्याच मेलवर."

पहिला प्रयत्न फसला. मागून खिडकीचा उजेड येत होता. मॅडमनी खुर्ची फिरवली. "मावशी, आता डोळे मिचकावा." समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे ॲपला त्यावरून कळतं.

शांताबाई ताठ बसून राहिल्या. "बँकेत बसून डोळं मारू व्हय?"

रांगेतली माणसं हसली. त्या स्वतःही हसल्या, पापण्या लवल्या आणि स्क्रीन हिरवी झाली.

खातं त्याच दिवशी सुरू झालं. पोरीचा प्रवेशही पुढे वेळेत झाला. पण त्या दिवशी काम झाल्यावर शांताबाई लगेच गेल्या नाहीत. "कारखान्यात माझ्यागत बावीस बायका हाईत. त्यास्नी कवा आणू?"

"आणू नका, आम्हीच येतो," देसाई मॅडम म्हणाल्या.

रविवारी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. एकोणीस जणींचं काम चेहऱ्यावर झालं. तिघींचे आधारवरचे फोटो फार जुने होते, त्यांचं कागदपत्रं बघून केलं. शांताबाईंनी रांग अशी लावली होती, की आमच्या शाखेत तशी कधी लागली नाही.

मी त्यांना आधी दोनदा परत पाठवलं होतं. त्या दोन खाड्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. ते सर्क्युलर तेव्हाही माझ्या मेलवर होतं. आता मी सर्क्युलर आल्या दिवशी वाचतो, आणि ग्राहकाला आधार केंद्राचा पत्ता सगळ्यात शेवटी देतो.