दीड की अडीच

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी आकड्यांशी माझं कधीच नीट जमलं नाही. एकोणसाठ की एकोणसत्तर, इथे मी अजून मनातल्या मनात थांबते. त्या वर्षी मात्र थांबायला हवं तिथे थांबले नाही.

कॉलेज संपवून मी गंगापूर रोडवरच्या एका आर्किटेक्टकडे कामाला लागले होते. मनमाडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडून बंगला बांधून घेत होते. काकूंना दमा होता. एसीत बसलं की धाप लागायची, म्हणून घर एसीशिवाय गार राहावं एवढीच त्यांची अट. सरांनी बाहेरच्या भिंती, मध्ये पोकळी ठेवून, दुहेरी केल्या. विटाही राखेच्या, भट्टीत न भाजलेल्या. काकूंच्या खोलीची खिडकी दक्षिणेला होती. तिच्यावरचा छज्जा किती पुढे काढायचा, ते गणित सरांनी मला दिलं. ऑक्टोबरचं ऊन बाहेर राहिलं पाहिजे आणि थंडीतलं आत आलं पाहिजे. उत्तर आलं दोन फूट सहा इंच. ते माझं स्वतःचं पहिलं काम.

मिस्त्री सायखेड्याचे. नकाशा सरांच्या गाडीत राहिला होता आणि सर मुंबईला गेले होते.

"म्याडम, छज्जा किती काढू?"

"दीड फूट," मी म्हणाले.

दोन दिवसांनी साइटवर गेले तेव्हा सेंटरिंग ठोकून, सळया बांधून झाल्या होत्या. खाली काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. वर पाहिलं, तर छज्जा फूटभर कमी. गप्प राहिले असते तर त्या दिवशी कुणाला काही कळलं नसतं. मी बाटली काढून पाणी प्यायले. मग पुन्हा प्यायले.

तेवढ्यात काकांबरोबर काकू आल्या. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून होणाऱ्या खिडकीपाशी बसल्या आणि दम खात म्हणाल्या, "मी इथेच बसणार हं. ऊन नाही ना गं येणार?"

"येईल," मी म्हणाले. "छज्जा आखूड झालाय. मीच चुकीचं सांगितलं."

मिस्त्री खाली उतरले. "दीडच म्हनले ना तुम्ही? का मी बहिरा हाय?"

"दीडच म्हणाले. पण मला दोन आणि अर्धा म्हणायचं होतं."

"त्याला आमच्याकडं अडीच म्हनत्यात. तुमच्या शाळेत दीड लय मोठा असतो वाटतं."

काकू हसल्या, हसता हसता खोकल्या. काका कपाळाला आठ्या घालून वर बघत राहिले. मिस्त्रींनी मिक्सर बंद करायला लावला. "छज्जा ऱ्हाऊ द्या. बाकीचं काँक्रीट भरून घेऊ," म्हणाले. सळया लांब हव्या होत्या, त्यामुळे छज्जा दोन दिवस मागे पडला. सरांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. यापुढे लिहून देत जा."

तेव्हापासून मिस्त्री माझ्यासमोर विटेचा तुकडा धरायचे. मी भिंतीवर आकडा लिहायचे, ते मोठ्याने वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे.

पुढच्या ऑक्टोबरात, ते नव्या घरात राहायला गेल्यावर, काकूंनी मला दुपारी मुद्दाम बोलावलं. खुर्ची त्यांनी ठरवलेल्या जागीच होती. ऊन खिडकीच्या कट्ट्यावर येऊन थांबलं होतं. काकूंनी मला कट्ट्यावर हात ठेवायला लावला, मग आतल्या फरशीवर.

"गार आहे ना?" त्या म्हणाल्या. "बस आता. चहा टाकते."