धुळीतली पावलं

टेबलावरच्या धुळीत आज चिमणीची पावलं उमटली होती. पुसायला घेतलेलं फडकं मी बाजूला ठेवलं.

रहस्यकथा लिहायला मी जंगलात शिकलो. वनखात्यात असताना एकदा आम्ही सकाळभर वाघाचा माग काढत फिरलो. त्याच वाटेनं परतताना पाहिलं, तर आमच्या बुटांच्या ठशांवर त्याचे ताजे ठसे! मी झटकन मागं वळून झाडीत पाहिलं. सोबतचे वनमजूर दसरूभाऊ मात्र खुशीत हसले.

"सायेब, आपुन त्याले ढुंढून रायलो होतो, अन् तो आपल्याच मांगं येऊन रायला होता."

पुढे कादंबऱ्यांमधून मी कितीतरी खुनी पकडून दिले. पण त्या सकाळी वाघानं आम्हाला का सोडलं, ते अजून उलगडलेलं नाही. उलगडूच नये, असं वाटतं.