अप्पांनी केलेली बिअर

पाण्याला चव नसते, असं माझ्या सासऱ्यांसमोर म्हणून सहीसलामत सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही. औरंगाबादच्या एका बिअरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. लग्नाहून परतताना लोक जेवणाबद्दल बोलतात, अप्पा मांडवातल्या पिंपाबद्दल बोलत. आमच्याच लग्नात, डोक्यावरच्या अक्षताही झटकल्या नव्हत्या, तोच मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, इथलं पाणी जड आहे. जपून."

मंदी आली तेव्हा आम्ही दुबईतल्या 'बर दुबई' भागात राहत होतो. आमच्या कंपनीचे टॉवर अर्ध्यावर थांबले आणि मला 'सध्यापुरतं' म्हणून बिनपगारी रजेवर घरी बसवलं. नेमके त्याच महिन्यात अप्पा व्हिजिटवर आले. बायको शाळेत शिकवायला जायची, मुलगी शिकायला. उरलो मी आणि सासरे. भर दुपारी सासऱ्यांसमोर सोफ्यावर बसून राहण्याइतकं अवघड काम मी कुठल्याही साइटवर केलेलं नाही. अप्पांनी मात्र नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. एके सकाळी बॅगेतून, पापडांच्या खालून, माल्ट, हॉप्स आणि जिप्समची पुडी काढून ते म्हणाले, "आपण बिअर करू."

बायको हादरलीच. "अप्पा, इथे घरी दारू करायला बंदी आहे. डिपोर्ट करतील!"

"दारू कुठे आहे? अजून पाणीच ठरलेलं नाही," अप्पा शांतपणे म्हणाले.

आणि पाणी काही ठरेना. नळाचं पाणी म्हणजे समुद्राचं गोडं केलेलं, वर गच्चीवरच्या टाकीत तापलेलं. "यात क्षारच उरलेले नाहीत. आजाऱ्याच्या पेजेसारखं लागतं," असा निकाल लागला. क्लोरीन उडून जावा म्हणून घरभर उघडी पातेली मांडली गेली, अगदी चपलांच्या स्टँडवरसुद्धा. मुलगी वैतागून म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट वॉटर!" अप्पा संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

मग ते 'चला' म्हणायला अरबी 'यल्ला' शिकले. सकाळी रिकामे कॅन घेऊन दारात उभे राहायचे, "यल्ला, जावईबापू!" आम्ही पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या फुजैरापर्यंत गेलो. तिथे बंदरात काम करणाऱ्या माझ्या मित्राच्या बायकोने सरबत आणलं, तर यांनी साधं पाणी मागितलं, घोट तोंडात घोळवत छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, टाकी धुवून घ्या." दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला, टाकीत कबुतराची पिसं निघाली होती. तिथल्या एका खजुराच्या बागेतल्या विहिरीचं पाणी त्यांना पटलं, पण ते फार जड. ते उकळायचं, निववायचं, तळाशी बसलेला पांढरा गाळ तसाच ठेवून वरचं ओतून घ्यायचं, त्यात नळाचं मिसळायचं, चिमूटभर जिप्सम घालायचं, चाखायचं आणि मान हलवून पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्यात ऑफिसच्या फोनकडे बघायचं मी कधी विसरू लागलो, कळलं नाही. अखेर एकदाची बिअर झाली आणि बाटल्या सोफ्यामागे जाऊन बसल्या.

एके दिवशी ऑफिसने बोलावलं. "सॉरी हबीबी, खलास," मॅनेजर म्हणाला. रजा संपली होती, नोकरीसकट. घरी आलो तेव्हा अप्पा एकटेच होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. फ्रीजमधून एक बाटली काढली, दोन स्टीलच्या पेल्यांत ओतली.

"बस रे," ते म्हणाले. "पी."

बिअर उत्तम झाली होती. निम्मा पेला संपेपर्यंत मी कसाबसा धीर धरला, मग रडू आवरेना. अप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. पाण्याबद्दलसुद्धा एक शब्द बोलले नाहीत.

पुढे मला अबू धाबीकडच्या रुवैसला नोकरी लागली. त्याआधीच अप्पा औरंगाबादला परतले होते, आणि फोनवर पुन्हा 'तुम्ही'वर आणि 'जावईबापूं'वर आले. रीत म्हणजे रीत. पण दर वेळी फोन ठेवताना, अप्पा हयात असेपर्यंत, मी त्या एका 'रे'ची वाट पाहत राहिलो.