बलभीमाची मोट

जळकोटाच्या अलीकडं जागिरीचं तळं बांधलं, तेव्हा बलभीमाची विहीर पाण्याखाली गेली. विहीर पाण्यानंच बुडाली. हसावं का रडावं! कारभारी हिंमतराव नाकातनं बोलायचे. बोट वर करून म्हणाले, "बलभीमाऽ, सरकार दयाळू हायत. तळ्याकाठच्या कोठडीची किल्ली तुला. विहीर गेली, पर कुलूप आलं की न्हाय हाती?"

कुलपाआड काय? धाकटे सरकार हैदराबादेहून यायचे, मोटरबोटीमागं दोर धरून पाण्यावर उभे राहायचे आणि भिजलेलं सगळं बलभीमाच्या अंगावर टाकून बंगल्यात जायचे. ओले दोर, ओले जांगिये, बुचाची जाकिटं. आणि दोन लांब फळ्या, पुढनं चोचीवानी वळलेल्या, मधी पाय घालायला रबराच्या रुंद वाद्या.

"लोक पाटावर बसत्यात, हे उभं ऱ्हात्यात!" बायको, मथुराबाई, पदर तोंडाला लावून खिदळायची.

बलभीम हसत नसे. किल्ली गेली तर दुसऱ्याच्या बांधावर हात जोडून उभं राहायचं, एवढं त्याला कळत होतं. तो दोर पिळून टांगायचा, फळ्या पुसून सावलीत उभ्या करायचा. घरी आल्यावर आढ्याला टांगलेली मोट उतरवायचा आणि तिला तेल पाजायचा.

"विहीर न्हाय, बैल न्हाईत. कुणासाठी पाजता?" मथुराबाई विचारायची.

"तळं आटलं एखाद्या साली, तर? कातडं तडकलं म्हंजी मोट मेली."

मोठी लढाई संपली त्या साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, धाकटे सरकार हैदराबादेला निघाले. जाताना चष्मा पुसत म्हणाले, "देखो मियाँ, हिफाजत से रखना. हौ?"

"हौ सरकार!"

हिफाजत म्हणजे काय, ते बलभीमाला आजा-पणजापासून ठाऊक होतं. वाद्या काळ्या, ताणल्या की ताणायच्या. असंल कुठल्या विलायती जनावराचं कातडं! रोज त्यानं त्यांना करडीचं तेल चोळलं. मथुराबाईच्या फोडणीचं तेल.

"आमी बिनतेलाचं कोरडं कोरड्यास खायाचं आन् पाटांनी तेल प्यायाचं!"

"गप. सरकारची चीज हाय."

पाऊस सरल्यावर सरकार पाहुण्यांना घेऊन आले. बोट सुटली, दोर ताणला, सरकार उभे राहिले आणि फट्‌दिशी दोन्ही वाद्या तुटून तोंडावर आपटले. काठावर बायकाही हसल्या. ओलेचिंब सरकार वर आले. सुजलेली, बिलबिलीत वादी त्यांनी चिमटीत धरली.

"क्या लगाया रे इसको?"

बलभीमाची छाती फुगली. "करडीचं तेल, सरकार. घरचं. रोज!"

मग हसण्याचा दुसरा लोंढा आला. "तेल! रबर को तेल! कल तक चमड़े के बनाओ," सरकार ओरडले आणि पाय आपटत गेले.

संध्याकाळी हिंमतराव बलभीमाच्या दारात. "किल्ली काढ."

"मालक, चुकी झाली. पायाला हात लावतो."

हिंमतरावांची नजर आढ्याला गेली. "उद्यापर्यंत चांगलं कातडं कुठनं आणू? ती मोट दे. किल्ली ऱ्हाऊ दे तुला."

"मोट कापायची?" मथुराबाई पुढं झाली. "अन् विहीर उघडी पडली मंग?"

"तुझी विहीर? तिथं आता मासं पाणी भरत्यात, बाई!" हिंमतराव नाकातनं खो-खो हसले.

बलभीमानं मोट उतरवली. स्वतः खांद्यावरनं मोच्याकडं नेली. मोच्यानं कातडं दुमडून पाहिलं. "लोण्यावानी जपलंय की! कुणी?" बलभीमानं तोंड फिरवलं. कातड्यावर रापी चालली.

दुसऱ्या दिवशी सरकार पाण्यावरनं सुसाट निघाले. वाद्या जागच्या हलल्या नाहीत. तळ्याच्या मध्यावर, जिथं विहीर होती तिथनं ते तिरके गेले. पाण्याची सरळ रेघ उठली आन् मिटली. मोट विहिरीवरनं जाऊन आली. रिकामीच.

"शाब्बास मियाँ!" म्हणत सरकारांनी फळ्या त्याच्या अंगावर फेकल्या. भिजलेल्या, निथळत्या.

बलभीम कोठडीत गेला. पुसायचं फडकं खुंटीला होतं. त्यानं फळ्या तशाच ओल्या कोपऱ्यात ढकलल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोवली.

घरी मथुराबाईनं तेलाची बुधली पुढं केली, सवयीनं.

"भाजीत घाल," बलभीम म्हणाला.